बांधावरचे गणित

१९४७ साली फाळणीच्या दंगलींनी दिल्ली होरपळत असताना निर्वासितांच्या एका मोठ्या समुदायाने लाल किल्ल्याचा आसरा घेतला होता. त्यांना शिधा पुरविण्याचे काम सरकारने कंत्राटदारांवर सोपविले होते आणि कंत्राटदारांची बिले फुगत चालली होती. किल्ल्यात माणसे किती, हे कळल्याखेरीज ती बिले खरी की खोटी हे ठरविणार कसे? आत जाऊन शिरगणती करण्याजोगी परिस्थिती नव्हती. अखेर हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञांपुढे आला. त्यांच्या हाती तांदूळ, डाळ आणि मीठ किती पुरविले याचे कंत्राटदारांचेच आकडे होते. माणशी रोज किती तांदूळ, डाळ व मीठ लागते, हे घरखर्चाच्या पाहण्यांवरून ठाऊक होते. भागाकार केला, तेव्हा तीन जिनसांवरून माणसांची तीन निरनिराळी उत्तरे आली. तांदळावरून आलेला आकडा सर्वांत मोठा होता, तर मिठावरून आलेला सर्वांत लहान. त्यांनी मिठाचा आकडा ग्राह्य धरला. तांदूळ महाग, म्हणून तो फुगवून सांगण्यात लाभ होता. मीठ इतके स्वस्त, की त्याच्या बाबतीत खोटे बोलून कंत्राटदाराच्या पदरात काहीच पडत नव्हते. हुमायूनच्या कबरीजवळच्या लहान छावणीतील माणसांची संख्या साधारणपणे माहीत होती. तेथे हीच रीत लावून पाहिली, तेव्हा उत्तर जुळले.

या हिशेबात चौथीच्या मुलाला न येण्यासारखे काय आहे? गणिताच्या नावाने त्यात एक भागाकार आहे. परंतु तीन उत्तरांपैकी कोणते खरे मानावे, हे भागाकार सांगत नाही. त्यासाठी बाजारभाव ठाऊक असावा लागतो आणि माणसाचा स्वभावही. आमच्या शाळांतून गणित शिकविले जाते ते नेमके येथपर्यंत येऊन थांबते. पुस्तकातील उदाहरणात लागणारी सर्व माहिती दिलेली असते, न लागणारी एकही नसते, आणि उत्तर शेवटच्या पानावर छापलेले असते. आयुष्यात मात्र प्रश्न तेवढा समोर येतो. माहिती आपण शोधायची असते आणि उत्तराची जबाबदारीही आपणच घ्यायची असते. हा फरक विद्यार्थ्याला कोणी दाखवीत नाही. म्हणून दहावीनंतर संधी मिळताच तो गणिताला रामराम ठोकतो आणि याचा पुढे उपयोग काय, हा त्याचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

लाल किल्ल्याच्या प्रसंगात वापरलेली पद्धत जे. एम. सेनगुप्ता यांची. ते ज्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत काम करीत, तिचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे चरित्र हे त्या प्रश्नाचे एक भरभक्कम उत्तर आहे. पंचवार्षिक योजनेच्या संदर्भात त्यांचे नाव आपण ऐकलेले असते. पण योजनाकार होण्यापूर्वीची पस्तीस-चाळीस वर्षे या माणसाने पूर, पाऊस, ताग, भात आणि भूक यांचे गणित मांडण्यात घालविली होती. ती वर्षे आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावीत अशी आहेत.

प्रशांतचंद्रांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यास एका ब्राह्मो कुटुंबात झाला. वडील प्रबोधचंद्र खेळाच्या साहित्याचा व्यवसाय करीत. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे अध्यापक लाभले आणि १९१२ साली पदार्थविज्ञान घेऊन ते पदवीधर झाले. पुढच्या वर्षी ते लंडनला शिकण्याच्या बेताने विलायतेस गेले. एक दिवस सहज केंब्रिज पाहावयास गेले असता परतीची शेवटची गाडी चुकली. रात्र एका मित्राकडे काढावी लागली, किंग्ज कॉलेजच्या देवळाने मन भारून टाकले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या कॉलेजात प्रवेश मिळविला.

केंब्रिजमध्ये त्यांचा स्नेह जडला तो श्रीनिवास रामानुजन यांच्याशी. मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करणारा हा अलौकिक गणिती १९१४ साली तेथे आला होता. थंडीने कुडकुडणाऱ्या रामानुजनना विलायती बिछान्यावरील पांघरुणांच्या आत कसे शिरावयाचे, हे महालनोबिसांनीच दाखविले. पुढचा प्रसंगही असाच घरगुती आहे. रामानुजन चुलीशी भाजी ढवळीत असताना महालनोबिसांनी त्यांना एका मासिकातले कोडे वाचून दाखविले. एका रस्त्यावर एकापासून ओळीने क्रमांक दिलेली घरे आहेत. एका घराच्या डावीकडील सर्व क्रमांकांची बेरीज उजवीकडील क्रमांकांच्या बेरजेएवढी आहे. घरे पन्नासाहून अधिक पण पाचशेहून कमी आहेत. तर ते घर कोणते? आठ घरांच्या रस्त्यावर सहावे घर असे असते, कारण एक ते पाच यांची बेरीज पंधरा आणि सात व आठ यांचीही पंधराच. महालनोबिसांनी थोड्या खटपटीने कोड्याचे उत्तर काढले होते: २८८ घरांपैकी २०४ क्रमांकाचे. रामानुजननी मात्र भाजी ढवळता ढवळताच अशी एक सततची अपूर्णांक-साखळी सांगितली की, तिच्यातून त्या एका रस्त्याचेच नव्हे तर अशा सर्व रस्त्यांचे उत्तर निघावे.

या प्रसंगात गणिताच्या दोन वृत्ती समोरासमोर उभ्या आहेत. एकीला प्रश्नाच्या पोटातील शाश्वत रूप दिसते. दुसरी समोरच्या प्रश्नाला, हाती असलेल्या वेळात, कामापुरते खरे उत्तर शोधते. रामानुजन होणे कोणाच्याही हाती नाही. दुसरी वृत्ती मात्र शिकता येते आणि शिकविताही येते. महालनोबिसांनी आयुष्यभर तीच जोपासली.

१९१५ साली पदार्थविज्ञानाची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ते सुटीसाठी स्वदेशी निघाले, तेव्हा महायुद्धामुळे बोट सुटण्यास विलंब झाला. ते दिवस ग्रंथालयात काढत असताना त्यांच्या एका अध्यापकाने ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रीय नियतकालिकाच्या खंडांकडे त्यांचे लक्ष वेधले. ते खंड त्यांना इतके आवडले की, संपूर्ण संच विकत घेऊन त्यांनी बोटीवरच त्याचे वाचन आरंभिले. कलकत्त्यास पोचल्यावर प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविण्याचे काम मिळाले आणि केंब्रिजला परतण्याचा बेत मागे पडला. चुकलेली गाडी आणि रखडलेली बोट यांनी एका आयुष्याची दिशा ठरविली, असे म्हणावयाचा मोह होतो. पण गाड्या पुष्कळांच्या चुकतात. रिकामा मिळालेला वेळ कुतूहलाच्या हवाली करणारे थोडेच असतात.

या नव्या विद्येचा पहिला उपयोग करण्याची संधी त्यांच्याकडे चालून आली ती आपल्या नागपुरात. १९२० साली तेथे भरलेल्या सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक नेल्सन अॅनंडेल यांची व त्यांची भेट झाली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे ढीगभर आकडे अॅनंडेल यांच्यापाशी होते. त्यांतून काय निष्पन्न होते हे पाहण्याचे काम त्यांनी महालनोबिसांना दिले. एकमेकांशी निगडित असलेली अनेक मापे एकत्र विचारात घेऊन दोन समूहांमधील अंतर कसे मोजावे, या विचाराला तेथून चालना मिळाली. १९३६ साली पूर्ण रूपात मांडलेले ते माप आज ‘महालनोबिस अंतर’ या नावाने जगभर वापरले जाते. माणसांच्या शरीरमापांसाठी जन्मलेले हे सूत्र आज यंत्रातील बिघाड हेरण्यासाठी आणि संगणकाला चित्रे ओळखावयास शिकविण्यासाठीही उपयोगी पडते.

परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम होते ते पुरांचे. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये महापूर आला. पाणी अडवून धरण्यासाठी खर्चिक जलाशय बांधावेत, असे तज्ज्ञांच्या समितीचे मत पडले. महालनोबिसांनी सुमारे पन्नास वर्षांच्या पावसाच्या व पुरांच्या नोंदी तपासल्या आणि त्या भागात अशा जलाशयांचा उपयोग होणार नाही, पाण्याचा निचरा लवकर होईल अशी व्यवस्था हवी, असे दाखवून दिले. १९२६ साली ओरिसातील ब्राह्मणी नदीला पूर आला, तेव्हा नदीचा तळ फूटभर वर आला असून तटबंध उंच केले पाहिजेत, असे अभियंते सांगू लागले. महालनोबिसांनी पुन्हा सुमारे साठ वर्षांच्या नोंदी पुढे ठेवल्या. तळ वर आलेलाच नव्हता. पाऊसच अधिक झाला होता. उपाय होता तो वरच्या अंगाला धरणे बांधून पाणी रोखण्याचा व त्यापासून वीजही निर्माण करण्याचा. ओरिसातील महानदीवरचे हिराकूद धरण १९५७ साली पुरे झाले, त्या विचाराचे मूळ या आकडेमोडीत होते.

या दोन्ही प्रसंगांत नोंदी सर्वांना उपलब्ध होत्या. कोणा अज्ञात कारकुनाने वर्षानुवर्षे पर्जन्यमापकातील पाणी मोजून वहीत लिहून ठेवले होते. त्या कारकुनाची निष्ठा आणि महालनोबिसांची बुद्धी यांचा संगम झाला, तेव्हा कोट्यवधींचा चुकीचा खर्च टळण्याची वाट दिसली. कचेरीत आकडे भरणाऱ्या माणसाला आपले काम रूक्ष वाटते. त्याने या प्रसंगाचे स्मरण ठेवावे.

प्रेसिडेन्सी कॉलेजातील आपल्या खोलीतच त्यांनी संख्याशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली होती. तिच्यातून १७ डिसेंबर १९३१ रोजी भारतीय संख्याशास्त्र संस्था जन्मास आली. पहिल्या वर्षीचा तिचा खर्च अडीचशे रुपयांच्या आतच होता. १९३३ साली ‘संख्या’ हे तिचे नियतकालिक निघाले. या शब्दात संख्याही आहे आणि सम्यक ज्ञानही. नावातच संस्थापकाची भूमिका सामावलेली होती.

या संस्थेने हाती घेतलेले पहिले मोठे काम तागाचे. बंगालच्या अर्थव्यवहारात तागाला मोठे स्थान होते. पण पीक किती आले, हे कोणालाच निश्चित सांगता येत नसे. प्रत्येक शेत मोजणे हा एक मार्ग होता. महालनोबिसांनी दुसरा मार्ग धरला. शितावरून भाताची परीक्षा, हे आपल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पण या म्हणीच्या पोटात एक अट दडलेली आहे. भांड्यातील भात सारखा शिजलेला असला, तरच वरच्या शितावरून तळचा भात कळेल. प्रांतभर पसरलेली शेते काही एका भांड्यातील भात नव्हेत. सडकेच्या कडेची, पाहणाऱ्याच्या सोयीची शेते निवडली, तर उत्तर चुकणारच. म्हणून कोणते शेत पाहावयाचे हे पाहणाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडावे, हे नमुना पाहणीचे पहिले तत्त्व. नमुना चौपट केला तरी संभाव्य चूक केवळ निम्मी होते, हे दुसरे. म्हणजे अचूकपणालाही किंमत मोजावी लागते. ती कोठवर मोजावी, याचेही गणित महालनोबिसांनी बसविले आणि मोठी पाहणी करण्यापूर्वी लहान पाहणी करून पाहण्याचा प्रघात पाडला.

त्यांची तिसरी युक्ती तर मोठीच मार्मिक होती. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र तुकड्यांना दोन स्वतंत्र नमुने देऊन पाठवावयाचे. दोघांची उत्तरे जवळजवळ आली तर विश्वास ठेवावा. फार वेगळी आली तर कोठेतरी निष्काळजीपणा झाला आहे, हे कागदावरच उघड व्हावे. ज्याच्या पोटातच स्वतःची तपासणी आहे, असा हा हिशेब होता. १९४१ साली बंगालमध्ये नमुना पाहणी आणि प्रत्येक शेताची मोजणी ही दोन्ही झाली. नमुन्यावरून तागाच्या सुमारे ७५ लाख गासड्यांचा अंदाज निघाला, संपूर्ण मोजणीवरून सुमारे ६३ लाखांचा. पुढे व्यापाराचे आकडे हाती आले, ते ७५ लाखांच्या घरात होते. सारे मोजणारे चुकले आणि थोडेच पण नीट मोजणारे बरोबर ठरले. तेही सुमारे दशांश खर्चात. हजारो अप्रशिक्षित माणसांच्या लहान लहान चुकांचा ढीग नमुन्याच्या चुकीहून कितीतरी मोठा होतो, हा त्यातला धडा.

येथे एका मराठी माणसाचे स्मरण करणे अगत्याचे आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्या काळी दिल्लीत शेतीच्या संख्याशास्त्राचे काम पाहत होते. पिकाचा उतारा ठरविण्यासाठी शेतात लहानसा तुकडा आखून त्यातील पीक कापून तोलण्याची जी रीत आहे, तिच्यावरून या दोघांत मोठा वाद झाला. महालनोबिस अगदी लहान तुकडे घेत. त्यामुळे थोड्या खर्चात अधिक ठिकाणे पाहता येत. सुखात्मे यांनी दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला तर उतारा वाजवीहून अधिक निघतो. रेषेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. चौरसाची बाजू दहापट केली तर परिमिती दहापट वाढते, क्षेत्रफळ मात्र शंभरपट. म्हणून तुकडा मोठा होत गेला की रेषेवरच्या चुकीचे महत्त्व कमी होत जाते. सहावी-सातवीत शिकविला जाणारा हा नियम एका राष्ट्रीय वादाच्या मुळाशी होता. सरकारी कामात पुढे सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांची मोठ्या तुकड्यांची पद्धत रूढ झाली. आज आपल्या शेतकऱ्याला पीकविम्याची भरपाई मिळावयाची की नाही, हे ठरविताना ज्या पीककापणी प्रयोगांचा आधार घेतला जातो, त्यांच्यामागे हा सारा इतिहास उभा आहे. बांधावर उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याला चौरसाची परिमिती हा परीक्षेतील दोन गुणांचा प्रश्न वाटणार नाही.

१९४३ च्या दुष्काळाने बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली. त्यानंतर महालनोबिसांच्या संस्थेने खेडोपाडी पाहणी करून किती कुटुंबांनी जमिनी विकल्या, किती निराधार झाली, याचा हिशेब मांडला. मृतांना त्याचा उपयोग नव्हता. पण जे मेले ते केवळ दैवाने नव्हे, हे सांगण्याचे धैर्य अशा आकड्यांतूनच येते. १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष महालनोबिस होते आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ व व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. देशातील माणूस खातो काय, खर्च किती करतो, याची विश्वसनीय माहितीच उपलब्ध नाही, हे त्या कामात प्रकर्षाने जाणवले. त्यातून १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली. पहिल्याच फेरीत अठराशेहून अधिक खेडी निवडण्यात आली होती. एवढ्या विशाल व निरक्षर देशात असा प्रयोग तोवर कोठेच झाला नव्हता. २०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही, त्यानंतरच्या काळात देशाला स्वतःची ओळख राखण्यास अशा नमुना पाहण्यांचाच आधार होता.

गणित शिकून पोट कसे भरावयाचे, हा प्रश्न आमचे विद्यार्थी आणि पालक विचारतात तो गैर नाही. १९४० च्या सुमारास गणितात एम. ए. झालेला एक तरुण नोकरीच्या शोधात आंध्रातून कलकत्त्यास आला होता. लष्कराच्या मोजणी खात्यातील ती नोकरी त्याला मिळाली नाही; पण मुक्कामाच्या ठिकाणी भेटलेल्या एका माणसाकडून महालनोबिसांच्या संस्थेची माहिती मिळाली आणि १९४१ च्या आरंभी तो तेथे दाखल झाला. तो तरुण म्हणजे सी. आर. राव. वयाच्या पंचविशीत त्यांनी लिहिलेल्या निबंधाने त्यांचे नाव संख्याशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेले. २०२३ साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, ते निवर्तले. महालनोबिसांच्या प्रयत्नांनी १९४१ साली कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. १९५६ च्या सुमारास देशातील पहिला अंकीय संगणक त्यांच्या संस्थेत आला. १९५९ च्या कायद्याने संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. आज हवामानाचा अंदाज, विम्याचा हप्ता, नव्या औषधाची चाचणी, कारखान्यातील मालाची प्रतवारी, निवडणुकीचा कल, बँकेच्या कर्जाची जोखीम, अशा प्रत्येक ठिकाणी गणित जाणणारा माणूस लागतो. फक्त त्याला आकड्यांबरोबर त्या आकड्यांमागचे शेत, रुग्ण आणि बाजारही दिसला पाहिजे.

महालनोबिस निर्दोष नव्हते. त्यांचा स्वभाव हुकमती होता, जे. बी. एस. हाल्डेनसारखा थोर शास्त्रज्ञ १९५७ साली त्यांच्या संस्थेत आला आणि मतभेद होऊन चार वर्षांत बाहेर पडला. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी त्यांनी मांडलेल्या गणिती आराखड्यात अवजड उद्योगांवर जो भर होता, त्यामुळे शेती आणि नित्योपयोगी वस्तू मागे पडल्या, अशी टीका झाली. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शेताच्या तुकड्यावरची चूक मोजता येते, राष्ट्राच्या भवितव्यावरची तितक्या सहजपणे येत नाही. या मर्यादेचे भानही त्यांच्या चरित्रातूनच मिळते. आपला एकोणऐंशीवा वाढदिवस एका दिवसावर आला असताना २८ जून १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस २००७ पासून संख्याशास्त्र दिन म्हणून पाळला जातो.

त्या दिवशी शाळांतून भाषणे होतात, तसबिरीला हार घातला जातो. त्याऐवजी एखाद्या शिक्षकाने वर्गाला एवढेच सांगावे: आपल्या गावात रोज किती पाणी वाया जाते, ते आठ दिवसांत शोधून आणा. किती नळ पाहावयाचे, कोणते पाहावयाचे, बादली कोणती घ्यावयाची, हे मुलांनीच ठरवावे. वर्गाच्या दोन तुकड्या कराव्यात आणि एकीने दुसरीला आपले आकडे दाखवू नयेत. आठव्या दिवशी दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. ती बहुधा जुळणार नाहीत. का जुळली नाहीत, याचा शोध ज्या तासाला सुरू होईल, तो त्या मुलांचा गणिताचा खरा पहिला तास असेल.